भिंतीला गादी आधी लाव

प्रिय बाय,

तू विचारलंस, "मेल्टडाऊन आला की मी स्वतःला मारते, ते त्या वेळी थांबवायचं कसं?" मेल्टडाऊन म्हणजे आपल्या ऑटिस्टिक लोकांना सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबाच सुटतो तो. तर सरळच सांगते, त्या वेळी थांबवायच्या मागे लागूच नकोस. डोक्यातला जो भाग विचार करतो, शब्द शोधतो, "असं नको करू" म्हणतो, तोच त्या वेळी बंद पडलेला असतो. बंद पडलेल्या माणसाकडून शहाणपणाची अपेक्षा करायची आणि जमलं नाही की त्यालाच बोल लावायचा, ह्यात काही अर्थ नाही गो. शहाणपण जे काय करायचं ते आधी करून ठेवायचं, दुपारी, जेवून खाऊन, डोकं थंड असताना. मेल्टडाऊन येणारच नाहीत असं काही मी सांगणार नाही, मला अजून येतात, ह्या वयात, काजू फॅक्टरीत हिशेबाची नोकरी सांभाळून. पण येऊन गेला तरी अंगावर जखम नाही, एवढं करता येतं. ह्या पत्रात तेवढंच लिहिते, ऑटिझम म्हणजे काय ते तुला मी कशाला शिकवू.

आपल्याकडे १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत, तेव्हा त्याच्या आधीच होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवतात. वारं सुटल्यावर कोणी होडी ओढायला उभं राहत नाही. तर आपण मे महिन्यातली कामं करायची.

आणि "मी एकटीच अशी का" हे जे तू खाली लिहिलंयस ना, तर नाहीस. २०२० साली जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले होते, त्यात ऑटिस्टिक लोकांपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास स्वतःला इजा करणारे निघाले. म्हणजे दहातले चार. आपल्या जिल्ह्यातच किती असतील, दार लावून बसलेले असतात म्हणून दिसत नाहीत.

आता भिंत. पडवीच्या भिंतीवर डोकं आपटलंस आणि टेंगूळ आलं असं लिहिलंस. आपल्या घरांच्या भिंती म्हणजे जांभ्याचा चिरा, त्यात पडवीला नि मागीलदारी पुष्कळ घरांत गिलावा नसतो, नुसता हात घासला तरी कातडं सोलवटतं. म्हणून आधी एक जागा ठरव. माजघराचा कोपरा मिळाला तर उत्तम, तिथे उजेड कमी, रस्त्याचा आवाज कमी आणि गारवा. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या लावायच्या, सुताराला सांगून वरून लाकडी पट्टी मारून घ्या म्हणजे घसरत नाहीत, फक्त खिळ्याचं डोकं बाहेर राहता कामा नये. खाली जाड फोम, ते लहान मुलांचे एकमेकांत अडकवायचे चौकोन मिळतात ना, ते चालतात. जवळपास आरसा नको, काचेची तसबीर नको, लोखंडी ट्रंक असेल तर सरकवून लांब. खिडकीचे गज हाताच्या अंतरावर असतील तर दुसरा कोपरा बघ.

आणि हा कोपरा रोज वापरायचा. फक्त मेल्टडाऊनलाच तिथे गेलीस तर ती शिक्षेची जागा होते, घरच्यांच्या तोंडीपण तसंच बसतं, "जा तुझ्या कोपऱ्यात". रोज कॉलेजातून एसटीने आलीस की थोडा वेळ तिथे पडून राहा, मोबाइल बघ, काहीही कर, पायांना सवय झाली की ऐन वेळी पाय आपोआप तिकडेच वळतात. दाराला आतून कडी लावायची नाही मात्र. घरच्यांशी बोली करून टाक की मी कडी लावणार नाही आणि तुम्ही विचारल्याशिवाय आत येणार नाही, लागलंच कुणाला आत यायला तर दार तोडायची वेळ येऊ नये.

काही जण मारून घेतात, काही पळत सुटतात, काहींचं दोन्ही असतं. तू पळतेस का ते लिहिलं नाहीस, पण पळत असशील तर कोकणात हा धोका भिंतीपेक्षा मोठा आहे. आवारात विहीर, कठडा गुडघ्याएवढा, कुठे कुठे तोही नाही, पावसाळ्यात वर शेवाळ. पुढे वहाळ, नाहीतर हायवे, नाहीतर रेल्वेचा रूळ. विहिरीला जाळी बसवून घ्यायला बाबांना सांग, तुझं नाव नको घेऊस पाहिजे तर, गुरांसाठी नि लहान पोरांसाठी तसंही हवंच. आणि पळायची दिशा ठरवून ठेव. हसू नकोस, माझी ठरलेली आहे, मागच्या दाराने काजूच्या बागेत, रायवळ आंब्यापर्यंत. तिथे मला कोणी हाका मारत नाही, मागे धावत नाही, कारण मागे धावलं की मी आणखी जोरात पळते, एक जण सावकाश येतो आणि दिसेल इतक्या अंतरावर बसतो. दिशा ठरवलीस की चार-पाच वेळा शांत डोक्याने ती वाट चालून ये.

अंगावरचं बघ. काचेच्या बांगड्या रोज घालू नकोस, आई म्हणेल मोकळे हात बरे दिसत नाहीत, तिला सांग सणाला घालीन. नखं बारीक कापलेली, कानात लोंबतं काही नको, चष्मा असेल तर काचा प्लास्टिकच्या करून घे. स्वयंपाकघराचा माझा नियम एकच आहे, आतून तडतडायला लागलं की हातातलं काम टाकून बाहेर. विळीवर नारळ खवत असलीस तर अर्धी कवड तिथेच टाकायची. विळी उचलून ठेवायचं, गॅस बंद करायचं काम दुसऱ्याचं, तसं आधीच ठरवून ठेव म्हणजे नंतर "दूध उतू घालवलंस" हे ऐकायला लागत नाही.

हाताला चावतेस त्याबद्दल. जबड्याला जोर हवा असतो त्या वेळी, ती गरज खरी असते, त्यामुळे "चावू नको" असं कितीही सांगून उपयोग नाही, चावायला दुसरं काहीतरी हाताशी पाहिजे. चघळायची सिलिकॉनची पेंडंटं ऑनलाइन मिळतात, मोठ्या माणसांसाठी जाड असतात ती घे, बाळांचे टीथर घेऊ नकोस, मोठ्या दातांनी त्यांचा तुकडा पडतो आणि घशात जाऊ शकतो. गळ्यातला दोरा ओढला की सुटणारा असावा. हे नसेल तर जाड टॉवेलची घट्ट वळकटी, ती त्या कोपऱ्यात कायम ठेवायची.

डोक्यात मारणं, मांडीवर बुक्क्या मारणं, ह्यातपण पुष्कळदा शरीर जोराचा दाब शोधत असतं, स्नायूंना, सांध्यांना. तो दाब दुसरीकडून देता येतो. दोन्ही तळहात भिंतीला लावून भिंत पाडायचीच आहे अशा ताकदीने ढकलायचं. गोधडीत स्वतःला घट्ट गुंडाळून घ्यायचं, तोंड उघडं ठेवून, आणि स्वतःचं स्वतःला सुटता आलं पाहिजे अशा बेताने, दुसऱ्या कोणी वर गादी टाकायची नाही. भरलेली कळशी परसात नेऊन झाडाला ओतायची, परत भरायची, परत न्यायची, मला हे सगळ्यात जास्त लागू पडतं आणि माडांनाही बरं. कुणी तुला असं सुचवेल की त्याऐवजी जरा कमी दुखेल असं काहीतरी करून घे, ते ऐकू नकोस, त्याने सवय दुखवून घ्यायचीच राहते.

पण हे सगळं ऐन मध्यावर सुचत नाही. त्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत जमतं, आणि तो आधीचा टप्पा प्रत्येकाचा निराळा. माझा जबडा आवळतो, एकच शब्द परत परत तोंडात येतो, पंखा एकदम मोठ्याने फिरतोय असं वाटतं, आणि कुणी "चहा घेणार का" विचारलं तर त्याचं उत्तरच सापडत नाही. चहाचं उत्तर सापडलं नाही की मी उठते, बस. बोलत बसत नाही, पंजा दाखवते, घरात नि ऑफिसात दोन माणसांना त्याचा अर्थ माहीत आहे. तुझ्या खुणा तुला कळत नसतील तर धाकट्या बहिणीला विचार, भावंडांना बरोबर कळतं, आईबापाच्या आधी कळतं. बोलता न येणं हे धरूनच चाल, मोबाइलमध्ये एक वाक्य लिहून स्क्रीनवर ठेव, "मला ऑटिझम आहे, मला आत्ता बोलता येत नाही, मला धरू नका, गर्दी बाजूला करा, ह्या नंबरवर फोन करा". एसटी स्टँडवर हे उपयोगी पडतं.

एक वही कर. आधी काय झालं, मी काय केलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने, थेरपिस्ट लोक ह्याला एबीसी चार्ट म्हणतात. मी त्यात चौथा घालते, शरीराचा. झोप किती झाली, पोट साफ होतं का, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखत होतं का. आणि खरं सांगू का, बाकीचे तीन रकाने भरून मला जेवढं कळलं त्याच्यापेक्षा ह्या एका रकान्याने जास्त कळलं.

कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना आतलं दुखणं नीट वाचता येत नाही. काहीतरी होतंय हे कळतं, कुठे ते कळत नाही, किंवा दुखतंय हेही कळत नाही, नुसतं सगळं जग असह्य होतं आणि निमित्त कशाचंही होतं, भाजीतल्या कढीपत्त्याचंसुद्धा. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यात अचानक डोकं आपटणं सुरू झालं किंवा वाढलं तर पहिल्यांदा कान, दात आणि पोट तपासायचं असतं, वागणुकीचं नंतर बघायचं. कान ठणकत असतो आणि पोर कानशिलावर मारून घेत असतं, आणि बघणारे म्हणतात हट्टी झालंय. तू बोलतेस पण तुलाही हे लागू आहे. नेहमी एकाच बाजूला मारतेस का बघ. बद्धकोष्ठता, ऍसिडिटी, सायनस, अर्धशिशी, अक्कलदाढ, ह्यातलं काहीही असू शकतं आणि ह्यातलं बहुतेक साध्या उपचाराने बरं होतं किंवा आटोक्यात येतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझे निम्म्याहून जास्त मेल्टडाऊन येतात, वहीत दिसल्यावर मी त्या आठवड्यात कुणाच्या साखरपुड्याला जात नाही, नातेवाईक रुसतात, रुसू देत. आणि जर कधी असं झालं की मध्येच डोळे फिरले, अंग ताठ झालं, नंतर त्यातलं काहीच आठवत नाही, तर ते वेगळं काही असू शकतं, फिट येण्याचं प्रमाण ऑटिझममध्ये जास्त असतं, त्यासाठी न्यूरोलॉजिस्टला दाखवायचं, ते लांबणीवर टाकायचं नाही.

आपल्याकडच्या पावसाचं तर काय सांगू. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की घरात शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, त्यात दिवसदिवस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, दमट ओढणी मानेला चिकटते, लाईट गेली की पंख्याचा ओळखीचा आवाज जातो आणि इन्व्हर्टरची पिपाणी सुरू होते. हार्डवेअरच्या दुकानात, जिथे ग्राइंडर, कटर मिळतात तिथे, कामगारांचे सेफ्टी इअरमफ मिळतात, मोठ्या हेडफोनसारखे दिसतात. "ऑटिझमसाठी" म्हणून ऑनलाइन विकतात त्याच्यापेक्षा स्वस्त आणि काम तेच. चिरेखाणीवर मशीन चालवणाऱ्यांनी खरंतर तेच लावायला पाहिजेत, लावत नाहीत ते सोड. दिवसभर मात्र घालून बसू नकोस, कानांना शांततेची सवय लागली की साधा आवाजही टोचायला लागतो.

आता पुढचं आईबाबांना वाचायला दे.

बाबा हात धरून ठेवतात असं लिहिलंयस. मायेनेच धरतात, लेकीला लागू नये म्हणून, पण धरलं की अंग सुटायला धडपडतं, झटापट होते आणि दोघांनाही लागतं. त्याच्याऐवजी डोकं नि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवा, उशी नसेल तर हाताला येईल ते, गोधडी, दप्तर, अगदीच काही नसेल तर तुमचा तळहात. पालथं पाडून पाठीवर बसणं, छातीवर भार देणं, हे कधीच नाही, कितीही घाबरलात तरी नाही, त्याने श्वास कोंडून माणसं गेलेली आहेत. ती विहिरीकडे किंवा रस्त्यावर धावत असेल तर धरा, तिथे विचार करायचा नाही, पण धोका टळला की लगेच सोडा. "काय झालं, काय झालं" विचारू नका, त्या वेळी प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. ट्यूबलाईट बंद करा, टीव्ही बंद करा, पाणी प्लास्टिकच्या बाटलीतून जवळ ठेवा आणि लांब जाऊन बसा. एका माणसाचं काम फक्त अंगण सांभाळायचं, कारण वाडीत ओरडण्याचा आवाज गेला की शेजारीपाजारी जमतात, सगळ्यांकडे सल्ला असतो, आणि एखादा मोबाइल काढून उभा राहतो. त्याला हाकलायला तुमच्यातला सगळ्यात भांडखोर माणूस नेमा.

आणि हे लाडाने होत नाही. लाडाचा हट्ट हवी ती वस्तू मिळाली की थांबतो, बघणारं कोणी नसलं तरी थांबतो. मेल्टडाऊनला वस्तू देऊन काही होत नाही, तो संपायला त्याचा त्याचा वेळ घेतो.

आता परत तुझ्याशी बोलते, "बाहेरचं आहे" म्हणणाऱ्यांबद्दल. तुझी आजी म्हणते ना, बऱ्याच घरांत म्हणतात. मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची असेल तर काढू दे बिचारीला, दोन मिनिटांचं काम आहे, ती शांत होते, मेल्टडाऊन संपल्यावर काढायची आणि मोहऱ्या चुलीत टाकायच्या त्या तू खोलीत नसताना, एवढी अट घाल. पण भगताकडे न्यायचं, बांधायचं, मारायचं, मिरच्यांची धुरी द्यायची, हे आलं की ते दृष्टीचं राहिलं नाही. भूत काढायच्या नावाखाली हे करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे त्यात धुरीचा, बांधून मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आईला हे माहीत असू दे, म्हणजे वाडीतलं कोणी मोठं माणूस घरी येऊन सांगायला लागलं तर तिला बोलायला काहीतरी आधार राहील.

गणपतीचं तू विचारलं नाहीस पण तो येणारच, आणि घरात मुंबईची पंचवीस माणसं येणार. झांजा, टाळ, फटाके, अगरबत्ती, सगळ्यांना एकच संडास, आणि प्रत्येक काकी विचारणार "ओळखलंस का मला". तेव्हा आधीच आईशी बोलून तुझं काम ठरवून घे, आवाजापासून लांबचं, मागीलदारी मोदकांची पानं पुसून ठेवणं, प्रसादाच्या पुड्या बांधणं असलं काहीतरी, म्हणजे तू आरतीला नसलीस तरी "कुठे गेली" होत नाही, कामात आहे होतं. आरतीला अंगणातून नमस्कार केलेला गणपतीला चालतो, माझ्या घरी कितीतरी वर्षं चालतोय. पाहुण्यांचं सामान त्या कोपऱ्यात ठेवायचं नाही हे पहिल्या दिवशीच सांगायचं, कारण बॅगा पहिल्यांदा तिथेच येऊन पडतात. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा ढोल अंगणातच वाजतो, त्या दिवशी मी तर सरळ मावशीकडे दुसऱ्या गावाला जाते आणि तिथली पालखी यायच्या आधी परत येते, तारखा बघून ठेवायच्या असतात गावकऱ्यांकडून, गावागावाच्या वेगळ्या असतात.

नंतरचं. मेल्टडाऊन संपल्यावर अंग गळून जातं, रडू येतं, लाज वाटते. त्या वेळी कुणी भाषण करायचं नाही, तूही स्वतःला द्यायचं नाही. पाणी, काहीतरी गोड, झोप. पण झोपायच्या आधी डोकं बघायचं, आणि हे तू एकटीने नाही, कुणीतरी दुसऱ्याने. डोकं जोरात आपटलं असेल तर पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं. परत परत उलटी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं वागणं, हाक मारून नीट जाग न येणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, आकडी येणं, हातपाय लुळे पडणं, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन आणि हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. डोक्याला मार असताना ऍस्पिरिन, ब्रुफेन आपल्या मनाने घ्यायची नाही. डोळ्यांजवळ वारंवार मारून घेतल्याने आतला पडदा सुटू शकतो, डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. हाताला चावून कातडं फाटलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, माणसाच्या दाताची जखम लवकर चिघळते, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारतील.

एक गोष्ट मला तुला स्पष्ट विचारायची आहे आणि तूही स्पष्ट सांग. हे मारून घेणं फक्त मेल्टडाऊनमध्ये होतं, की एरवी शांत असतानाही स्वतःला इजा करावी, नसावंच आपण, असं मनात येतं? दोन्ही वेगळी असतात, आणि आपल्यासारख्यांमध्ये दुसरंही बरंच आढळतं, वर्षानुवर्षं सगळ्यांसारखं वागायचं नाटक करून माणूस थकतो. तसं असेल तर गादी, उशी पुरणार नाही, माणूस पाहिजे. घरातल्या एकाला आजच सांग, आणि टेली-मानस ह्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह करून ठेव, सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालू असतो, मराठीतून बोलता येतं. मला मेसेज कर, पण मी झोपलेली असू शकते म्हणून फक्त माझ्यावर राहू नकोस.

डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर तुला "वेड्यांच्या इस्पितळात टाकतील" अशी भीती वाटते, रत्नागिरीत वाढलेल्या सगळ्यांना वाटते, गावात ते मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून आहे आणि लहानपणापासून त्याच नावाने घाबरवलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून बसायचं, बोलायचं, घरी यायचं. वही बरोबर ने, बोलायला जमलं नाही तर वहीच पुढे कर. रिस्पेरिडोन, ऍरिपिप्राझोल अशी औषधं काहींना देतात, ती ऑटिझम घालवत नाहीत, भडका कमी करतात, काहींना खूप उपयोग होतो, काहींचं वजन वाढतं, दिवसभर झोप येते. घ्यायची की नाही ते डॉक्टरशी बोलून ठरव, पण सुरू केलीस तर मनाने एकदम बंद करू नकोस. शक्य झालं तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा दाखव, दाबाचं, आवाजाचं जे मी अंदाजाने लिहिलंय ते तो तुझ्या अंगाला बघून सांगेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढ, त्यावर कॉलेजात परीक्षेला शांत खोली मागता येते. नॅशनल ट्रस्ट ह्या सरकारी संस्थेची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपी नि ओपीडीचा खर्चही त्यात बसतो. फॉर्म भरायला मी मदत करीन, फॉर्म मला आवडतात.

ह्या रविवारी गाद्यांचं बघून घे, सुतार ऐन वेळी मिळत नाही म्हणून आज-उद्याच निरोप धाड. आणि तुझ्या मेसेजमध्ये मध्येच एक ओळ आहे, डाव्या बाजूने चावता येत नाही बरेच दिवस, ती तू विषय सोडून लिहिल्यासारखी लिहिलीयस. मारतेस तेही डावीकडेच ना? आधी डेंटिस्टकडे जाऊन दाढेचा एक्स-रे काढ, आणि काय निघालं ते मला कळव, फोन नको करूस, मेसेजच कर.

तुझी,
ताई